थॉरफिन शंभर ठोसे का खातो

'व्हिनलँड सागा' या वायकिंगांवरच्या अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या, दुसऱ्या सीझनच्या अखेरीला राजा क्नूटची फौज डेन्मार्कमधल्या केटिलच्या शेतावर उतरते. शेताची माणसं पहिल्याच झटापटीत कापली जातात. त्यानंतर थॉरफिन, नुकताच गुलामगिरीतून सुटलेला एक तरुण, हातात काहीही न घेता छावणीसमोर येतो आणि राजाला भेटायचंय म्हणतो. ड्रॉट नावाच्या धिप्पाड सैनिकाशी पैज ठरते. शंभर ठोसे खाऊन पायांवर उभा राहिलास, तर राजाची भेट. थॉरफिन मार खायला लागतो. चेहरा सुजून ओळखू येईनासा होतो, तोंडातून रक्त येतं, पण त्याचा हात उगारला जात नाही. आणि का मारत नाहीस, या प्रश्नावर तो म्हणतो, मला शत्रू नाहीत.

ज्याने हा प्रसंग सुटा पाहिला त्याला इथे एक सोशिक, भला मुलगा दिसेल. ज्याने आधीचे चाळीसेक भाग पाहिलेत त्याला माहीत असतं की हा मुलगा मनात आणलं तर या सैनिकाला सहज लोळवू शकतो. त्याचं अख्खं लहानपण माणसं मारण्यात गेलंय. 'मला शत्रू नाहीत' हे वाक्यही त्याचं नाही. ते त्याच्या बापाचं, थॉर्सचं. पहिल्या सीझनच्या सुरुवातीला पोराच्या हातात खंजीर पाहून थॉर्स विचारतो, याने कुणाला मारणार आहेस, आणि सांगतो की तुला शत्रू नाहीत, कुणालाच शत्रू नसतात. पोराला तेव्हा ते कळत नाही. थोड्याच वेळात बाप त्याच्या डोळ्यांदेखत मरतो आणि पुढची कित्येक वर्षं तो त्या वाक्याच्या नेमकं उलट जगतो.

अ‍ॅनिमेतल्या पात्राची वाढ कशाला म्हणायची, या वादात मला जे म्हणायचंय ते सगळं या एका जागी सापडतं. पात्र किती बदललं, हे मोजून फारसं काही हाती लागत नाही. आधी त्याने जे केलं ते कथेच्या लक्षात आहे का, आणि त्याची किंमत बदललेल्या माणसाला मोजावी लागते का, हे पाहायला हवं. थॉरफिनचे शंभर ठोसे म्हणजे ती किंमत आहे, म्हणून ते पाहताना घसा दाटतो. तोच मार त्याच्याऐवजी जन्मभर शांत राहिलेल्या एखाद्या साधूने खाल्ला असता तर आपल्याला वाईट वाटलं असतं, इतकंच.

आपल्याकडे अ‍ॅनिमे पाहणाऱ्या मुलामुलींच्या बोलण्यात 'कॅरेक्टर डेव्हलपमेंट' हा शब्द इतका रुळलाय की तो प्रशंसेचा शिक्का झालाय. दुबळा होता, ताकदवान झाला: काय डेव्हलपमेंट! वाईट होता, चांगला झाला: त्याहून मोठी डेव्हलपमेंट! या कौतुकामागचं कारण मला समजतं. महाराष्ट्रातल्या घरांत जपानी कार्टून शिरलं ते मुख्यतः हिंदीत बोलणारा डोरेमॉन आणि शिनचॅन यांच्या रूपाने. नोबिताला गॅजेट मिळतं, तो त्याचा भलताच उपयोग करतो, अंगाशी येतं, रडत घरी येतो. आणि पुढच्या भागात पाटी कोरी. हा त्या प्रकारचा दोष नाही, ती त्याची रीत आहे. जपानमध्ये १९६९पासून चालू असलेल्या 'साझाए-सान'मधलं कुटुंब आजही त्याच वयाचं आहे, आणि रविवारी संध्याकाळी लोकांना ते तसंच हवं असतं. पण कोऱ्या पाटीवर वाढलेलं मूल जेव्हा 'नारुतो'कडे वळतं आणि तिथे माणसं मोठी होताना, मरताना, पक्ष बदलताना पाहतं, तेव्हा नुसत्या बदलाचंच त्याला अप्रूप वाटतं. ते अप्रूप खरं आहे. अडचण एवढीच की त्यापुढे जाऊन बदल कोणत्या प्रतीचा आहे हे आपण विचारत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती फ्लॅशबॅकमुळे. 'डेमन स्लेयर'च्या २०१९च्या पहिल्या सीझनमध्ये डोंगरावर कोळी किड्यांसारख्या राक्षसांचं एक कुटुंब भेटतं. त्यातला रुई हा पोरगा इतर राक्षसांना धाक दाखवून आई, बाप, बहीण व्हायला लावतो. नायक तान्जिरोशी लढाई होते, रुईचं डोकं धडावेगळं होतं, आणि तो विरत असताना त्याचं बालपण समोर येतं: आजारी मूल, चार पावलं चालता न येणारं, राक्षस झाल्यावर आईबापांना स्वतःच्याच हाताने मारून बसलेलं. यूफोटेबल स्टुडिओने हे इतकं सुंदर रंगवलंय की न रडणारा विरळा. मलाही ते फार आवडतं. पण यात रुईची वाढ नाही. तो जसा होता तसाच आहे, आपल्याला त्याच्याविषयीची माहिती उशिरा मिळाली. पडदा सरकला, माणूस जागचा हलला नाही. या मालिकेत जवळजवळ प्रत्येक मोठा राक्षस मरताना हेच घडतं, आणि पाहणारे त्यालाच पात्रविकास म्हणून मोकळे होतात.

भूतकाळ दाखवूनही माणूस हलवता येतो. 'फ्रिरेन' पाहा. दहा वर्षांची मोहीम संपवून चार सोबती परततात आणि मालिका तिथून सुरू होते. फ्रिरेन एल्फ आहे, हजारावर वर्षं जगलेली. दहा वर्षं तिला चिमूटभर वाटतात. पहिल्याच भागात वीर हिमेल म्हातारा होऊन मरतो आणि त्याच्या अंत्यविधीत ती रडते, कारण या माणसाला जाणून घ्यायचा आपण प्रयत्नच केला नाही हे तिला तेव्हा कळतं. त्यानंतरच्या भागांत हिमेलच्या आठवणी येत राहतात, पण प्रत्येक आठवण आजच्या एखाद्या निर्णयाला येऊन भिडते. एखाद्या गावात क्षुल्लक काम अंगावर घ्यावं की पुढे जावं असा प्रश्न येतो आणि ती म्हणते, हिमेलने हेच केलं असतं. त्याने गावोगाव स्वतःचे पुतळे उभारून घेतले होते; तेव्हा ती त्याची हौस वाटली. कितीतरी नंतर कारण कळतं: सगळे मेल्यावर तू भविष्यात एकटी पडू नयेस म्हणून. हिमेल तर मेलाय, तो बदलणार कसा? तरी पहिल्या सीझनच्या अठ्ठावीस भागांत तो आपल्या नजरेत वाढत जातो, कारण त्याला आठवणारी बदलते आहे. रुईचा भूतकाळ त्याच्याबरोबर विरून जातो. हिमेलच्या भूतकाळाला पुढे काम आहे.

पुन्हा थॉरफिनकडे येतो, कारण त्याचा दुसरा सीझन या बाबतीत मला गेल्या काही वर्षांतलं सर्वांत धाडसी काम वाटतं. २०१९चा पहिला सीझन चोवीस भागांचा, विट स्टुडिओचा: समुद्र, जहाजं, लुटालूट, सूड. बापाच्या मारेकऱ्याला, आस्केलॅडला, द्वंद्वात मारायचं म्हणून थॉरफिन त्याच्याच टोळीत राबतो. एका भागात तो इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतो. तिथली एक बाई त्याला घरात घेते, खायला देते, त्याच्या जटा झालेल्या केसांतून फणी फिरवत उवा काढते. दृश्य अगदी साधं आहे, आई मुलाचं करते तसं. आणि मग तोच पोरगा आग लावून टोळीला इशारा देतो. शेवटच्या क्षणी तिला पळून जा म्हणतो खरा, पण गाव लुटलं जातं ते त्याच्यामुळे. शेवटी आस्केलॅड दुसऱ्याच कारणाने, दुसऱ्याच्या हातून मरतो आणि थॉरफिनच्या आयुष्यातून सूडही काढून घेतला जातो. त्या चोविसाव्या भागाचं नाव आहे 'प्रस्तावनेचा शेवट'. चोवीस भागांच्या रक्तपाताला लेखक प्रस्तावना म्हणतो, कारण त्याला खरी गोष्ट त्या रक्ताचं पुढे काय होतं याची सांगायची आहे.

२०२३ चा दुसरा सीझन माप्पा स्टुडिओने केला, दिग्दर्शक मात्र तेच, शुहेई याबुता. आणि पडद्यावर काय? गुलाम झालेला थॉरफिन जिथे राबतो ते केटिलचं शेत. झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, नांगरायचं, गहू पेरायचा. लढाई बघायला आलेल्या प्रेक्षकांनी 'फार्मलँड सागा' असं म्हणून कंटाळा व्यक्त केला. पण हे बुंधे उपटण्याचं काम इतक्या सविस्तर दाखवण्यामागे विचार आहे. थॉरफिनने आजवर काहीही उगवलेलं नाही. जगून काही चांगलं झालं असं त्याला आठवत नाही. रात्री तो किंचाळून उठतो आणि काय स्वप्न पडलं ते त्याला सांगता येत नाही. कथेने हिशोब आधी त्याच्या शरीरात ठेवलाय. मनापर्यंत तो पोहोचायला नऊ भाग लागतात. शेतावरची इतर माणसं जळफळाटाने थॉरफिन आणि एनारचं गव्हाचं शेत उखडून टाकतात. एनार, त्याचा जोडीदार, चवताळतो. थॉरफिन त्याला आवरतो आणि मग स्वतःच एकाला ठोसा मारतो. मार खाऊन शुद्ध हरपते आणि त्या बेशुद्धीत स्वप्न पहिल्यांदा पूर्ण दिसतं: खोल दरीत मेलेली माणसं एकमेकांना अविरत मारताहेत, तो कड्याला लटकतोय आणि त्याने मारलेली माणसं त्याच्या पायांना धरून लोंबकळताहेत. तिथे आस्केलॅड भेटतो. तो म्हणतो, यांना घेऊनच वर चढ.

मला या दृश्याचं महत्त्व वाटतं ते यासाठी की इथे थॉरफिनला माफी मिळत नाही. ते मेलेले लोक त्याला सोडत नाहीत, आणि सोडायला हवं असंही कथा म्हणत नाही. हिंसा सोडण्याची शपथ तो या ओझ्यासकट घेतो. त्या ओझ्याला एक जिवंत चेहराही दिलाय. एनारची आई आणि बहीण अशाच एका लुटीत गेल्या. आपला मित्र कोणे एके काळी लुटणाऱ्यांच्या बाजूने होता, हे एनारला कळतं तेव्हा त्याच्या तोंडावर जे उमटतं ते पाहून मालिका लिहिणाऱ्यांविषयी आदर वाटला. दोघं रोज एकाच औताला जुंपल्यासारखे राबताहेत, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्यासारख्याच कुणाचं तरी घर जाळलंय. हे सोपं करून टाकायला एखादं रडारडीचं भाषण पुरलं असतं. ते भाषण नाही.

आणि क्नूट! त्याच्याशिवाय हा मुद्दा अपुरा राहील. पहिल्या सीझनमधला तोंड लपवणारा, आपला सांभाळ करणाऱ्या रॅग्नारच्या मागे उभा राहणारा भित्रा राजपुत्र, रॅग्नार मेल्यावर बर्फात एका दारुड्या पाद्र्याशी प्रेमाबद्दल बोलता बोलता कणखर होतो. देव स्वर्ग देत नसेल तर मी पृथ्वीवर आणीन, असं त्याचं तर्कट. हे तर्कट उदात्त आहे आणि त्याच्यापायी तो सख्ख्या भावाला विष देतो, निरपराध शेतकऱ्यांच्या जमिनी हिसकायला फौज पाठवतो. त्याचा हिशोबही कथा ठेवते: मेलेल्या बापाचं तुटलेलं मुंडकं त्याला दिसतं, त्याच्याशी बोलतं. तेव्हा केटिलच्या शेतावर जे दोघं समोरासमोर येतात ते दोघंही वाढलेले आहेत. एकाच भुकेतून, सुखाने जगता येईल अशा जागेच्या शोधातून, दोघं विरुद्ध दिशांना गेले. पात्राची वाढ म्हणजे ते सद्गुणी होणं अशी जी एक समजूत आहे, तिला क्नूटइतकं चोख उत्तर दुसरं नाही. तो जास्त शहाणा, जास्त धीट, जास्त दूरदर्शी झालाय आणि म्हणून जास्त भयंकरही झालाय.

आता हिशोब पुसणाऱ्या कथेचं उदाहरण द्यायला हवं, आणि ते मी आवडत्या मालिकेतूनच देतो. 'नारुतो शिप्पुदेन'मध्ये पेन हा खलनायक नारुतोचं कोनोहा गाव जमीनदोस्त करतो. नारुतोचा शिक्षक काकाशी याच्यासकट असंख्य माणसं मरतात. नारुतोच्या गुरूला, जिरायाला, पेननेच आधी मारलंय. नारुतो शेवटी खऱ्या सूत्रधाराजवळ, नागातोजवळ, पोहोचतो आणि त्याला मारत नाही. समोर बसतो, ऐकतो, तुला माफ करू शकत नाही हेही सांगतो. इथपर्यंत हे या मालिकेतलं सर्वोत्तम लेखन आहे. सूडाची साखळी तोडायची तर मेलेल्यांचं काय, हा प्रश्न खऱ्याखुऱ्या ताकदीने उभा राहिलाय. आणि मग नागातो आपला जीव देऊन गावातल्या मेलेल्यांना जिवंत करतो. सगळे उठतात, नारुतोला खांद्यावर घेतात. ज्या प्रश्नाचं उत्तर नारुतोला पुढे आयुष्यभर द्यावं लागलं असतं तो प्रश्नच उरत नाही. ज्यांचं माणूस गेलं त्या एकाही घरासमोर जाऊन त्याला 'मी त्याला सोडलं' असं म्हणावं लागत नाही. जिराया परत येत नाही, म्हणून थोडं वजन राहतं. पण ते दुःख नारुतोचं स्वतःचं आहे, आणि स्वतःच्या वाटचं माफ करणं आणि दुसऱ्याच्या वाटचं माफ करणं यात फार अंतर आहे. उधारीच्या वहीतलं पान फाडलं म्हणून उधारी फिटत नाही, तसं हे झालं.

'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड'मध्ये हाच प्रश्न आहे आणि तिथे कुणी जिवंत होत नाही. स्कार हा इश्वालचा माणूस. त्याच्या लोकांची सैन्याने कत्तल केली. त्या वेड्या क्षणी त्याने ज्यांना मारलं ते त्याचा जीव वाचवणारं डॉक्टर जोडपं होतं, नायक एडवर्डच्या बालमैत्रिणीचे, विनरीचे, आईबाप. विनरीला हे कळतं तेव्हा तिच्या हातात पिस्तूल असतं आणि तिला चाप ओढता येत नाही. पुढे बऱ्याच भागांनंतर उत्तरेतल्या बर्फात स्कार पकडला गेलेला, जखमी, तिच्या समोर असतो. ती त्याच्या हाताला पट्टी बांधते. आपले आईबाप असते तर त्यांनी हेच केलं असतं म्हणून. आणि लगेच स्पष्ट सांगते की मी तुला माफ केलेलं नाही. एक पट्टी, एक वाक्य. चित्रात काही भव्य नाही. पण बघा पुढे काय होतं: चोपन्नाव्या भागात सैन्यातला अधिकारी रॉय मस्टँग आपल्या मित्राच्या, ह्यूजच्या, मारेकऱ्याला जाळायला निघालाय, सूडाने आंधळा झालाय. त्याला अडवणाऱ्या तिघांत एडवर्ड आणि मस्टँगची विश्वासू सहकारी हॉकाय तर आहेतच, तिसरा स्कार आहे. ज्याने सूडापायी अनेकांना ठार मारलं तो माणूस मस्टँगसमोर उभा राहू शकतो, याचं कारण त्या पट्टीत आहे. आणि तो ज्याला अडवतोय तो मस्टँग इश्वालच्या कत्तलीत होता. चौसष्ट भागांची ही मालिका आणि हिरोमु अराकावा यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) यांची थोरवी माझ्या लेखी इथे आहे. प्रत्येक जण कुणाचा तरी देणेकरी आहे, आणि कुणाचंही देणं चमत्काराने माफ झालेलं नाही. एडवर्डलाही भाऊ परत मिळतो तो स्वतःची किमया कायमची गमावून.

हिशोब ठेवणं कधी कधी प्रेक्षकालाही झेपत नाही. 'अटॅक ऑन टायटन'मधल्या गाबी ब्राऊनचं तसं झालं. शत्रूपक्षातली ही मुलगी नायकाच्या बाजूच्या साशाला गोळी घालते आणि प्रेक्षकांनी तिच्याविषयी जो द्वेष व्यक्त केला तो आजही ओसरलेला नाही. तो राग मी समजू शकतो; साशा आपली होती, कित्येक वर्षं आपण तिला खाताना-हसताना पाहिलं होतं. पण गाबीने जे केलं ते नायक एरेनने पहिल्या सीझनपासून करीन करीन म्हटलं आणि आपण टाळ्या वाजवल्या. मालिका गाबीला नेमकं साशाच्या आईबापांच्या घरी नेऊन ठेवते. तिथे काया नावाची मुलगी तिला विचारते, माझ्या आईने काय केलं होतं? गाबी शाळेत पाठ केलेलं उत्तर देते, तुमच्या पूर्वजांनी जगावर अत्याचार केले वगैरे. काया म्हणते, आई तर इथेच जन्मली, इथेच वाढली. गाबीकडे पुढचं वाक्य नसतं. मला हे न सुचणं फार मोलाचं वाटतं. बदलाची सुरुवात भाषणाने होत नाही, भाषण संपल्यावर होते. पुढे खरं कळल्यावर तीच काया सुरी घेऊन तिच्यावर धावते, आणि साशाचा बाप हातात दिलेली सुरी चालवायचं नाकारतो. आणखी पुढे गाबी बंदूक घेऊन कायाला टायटनपासून, म्हणजे माणसं खाणाऱ्या राक्षसापासून, वाचवते, जिथे एके काळी साशाने वाचवलं होतं त्याच भूमिकेत. इतकी काटेकोर नोंद ठेवलेली असताना गाबी 'वाईट लिहिलेलं पात्र' आहे असं म्हणणं हा तिच्यावरचा अन्याय आहे. ती नावडती असू शकते. ती वाईट लिहिलेली नाही.

उतरणीची वाढही असते, आणि तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. 'हंटर × हंटर'च्या २०११च्या आवृत्तीतला किमेरा अँटचा दीर्घ भाग घ्या. मुंग्यांचा राजा मेरुएम माणसांना खाद्य समजून जन्मतो. कोमुगी नावाची एक आंधळी, शेंबडी मुलगी गुंगी या पटावरच्या खेळात त्याला पुन्हा पुन्हा हरवते, आणि हरता हरता त्याला प्रश्न पडतो की माझं नाव काय. त्याच वेळी आपला नायक गोन, निरागस म्हणून ओळखलेला, त्याच कोमुगीला ओलीस धरण्याची भाषा करतो, कारण त्याला सूड हवाय. राक्षस माणूस होतोय आणि मुलगा राक्षस, दोन्ही एकाच वाड्यात, आणि मालिका एकालाही सूट देत नाही. शोनेन, म्हणजे किशोर मुलांसाठीच्या, प्रकारात नायकाची ताकद शिगेला पोहोचण्याचा क्षण हा जल्लोषाचा असतो. गोनच्या बाबतीत तो क्षण पाहवत नाही.

यावर एक वाजवी आक्षेप येतो. हे सगळं शंभर-दीडशे भागांच्या मालिकांना परवडतं. बारा-तेरा भागांत काय करायचं? यात तथ्य आहे. जपानी टीव्हीवर बऱ्याच मालिका एका तिमाहीपुरत्या येतात. त्यांना पैसा लावणाऱ्यांत मांगाचा प्रकाशक, संगीत कंपनी, खेळणी विकणारे असे अनेक भागीदार असतात, आणि मालिकेचं एक काम मूळ पुस्तकं खपवणं हे असतं. कथा मध्येच तुटते, पात्राचा हिशोब उघडा पडतो आणि पुढचं वाचा म्हणून प्रेक्षक सोडून दिला जातो. हा दोष लेखकाच्या माथी मारता येत नाही. पण लांबी हे कारण सगळीकडे चालत नाही. 'मॉब सायको १००'च्या दुसऱ्या सीझनचा फक्त पहिला भाग पाहा. मॉब हा अफाट मानसिक शक्ती असलेला आणि त्या शक्तीचं काडीचंही कौतुक नसलेला शाळकरी मुलगा. एमी नावाची मुलगी मैत्रिणींच्या पैजेपायी त्याच्याबरोबर घरी चालत जायला लागते. ती लपून कादंबरी लिहिते. मैत्रिणी तिची वही फाडून कागद वाऱ्यावर सोडतात. एमी हसून साजरं करते. मॉब खाली वाकून एकेक तुकडा गोळा करायला लागतो. मग तो चारचौघांत शक्ती वापरतो आणि तुकडे हवेतून येऊन पानं जुळतात. कुणाला हरवण्यासाठी नाही, एका मुलीने लिहिलेलं वाया जाऊ नये म्हणून. इथे वीसेक मिनिटांत दोन माणसं हललीत. आणि पहिल्या सीझनमध्ये शक्ती लोकांसमोर मिरवायची नाही असं मॉबचं जे जगणं दाखवलं, ते आपल्याला आठवत असल्यामुळेच हे घडतं.

न बदलणाऱ्या पात्रांबद्दलही एवढंच म्हणेन की त्यांना नापास करण्याची घाई नको. 'मुशिशी'मधला गिन्को पहिल्या मालिकेच्या सव्वीस भागांत तसाच राहतो, गावोगाव फिरतो, लोकांच्या विचित्र आजारांवर उपाय करतो, निघून जातो. त्याच्या येण्याने ज्यांचं आयुष्य बदललं त्यांची गोष्ट आहे ती, आणि काही वेळा त्याचा उपाय त्यांना दुःखातच टाकून जातो. त्याची नोंद कथा घेते. पुरे आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हिशोब कुणाचा ठेवला जातो आणि कुणाचा नाही, यात एक ठरलेला कल दिसतो, आणि तो मुलींच्या विरुद्ध जातो. 'मार्च कम्स इन लाइक अ लायन' या शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळाडूवरच्या मालिकेत नायक रेई आहे, पण दुसऱ्या सीझनचा मोठा भाग हिना या शाळकरी मुलीचा आहे. वर्गात छळ होणाऱ्या चिहोची बाजू ती घेते, चिहो शाळा सोडून जाते आणि मग छळ हिनाच्या वाट्याला येतो. ती रडत, थरथरत सांगते की मला भीती वाटते, पण मी केलं ते चूक नव्हतं. रेई, ज्याचं स्वतःचं बालपण वर्गात एकट्याने डबा खाण्यात गेलं, तिला जे काही म्हणतो त्यात सांत्वनापेक्षा कृतज्ञता जास्त आहे. पुढचे कितीतरी भाग कथा हिनाच्या वर्गात जात राहते, तिच्या रिकाम्या बाकाशेजारी, शिक्षिकेच्या टाळाटाळीपाशी. छळणारी मुलगी एका भाषणाने सुधारत नाही. चिहोची भीती लगेच जात नाही. विनरीबद्दल मी वर बोललोच. तिचं दुःख हे नायकाच्या दुःखाचं परिशिष्ट नाही.

यांच्यासमोर 'नारुतो'मधली साकुरा ठेवा. २००३ साली आलेल्या चुनिन परीक्षेच्या, म्हणजे निंजांच्या बढतीच्या परीक्षेच्या, भागात तिचे सोबती नारुतो आणि सासुके बेशुद्ध पडलेले असताना शत्रूने तिचे केस मुठीत धरलेत. सासुकेला लांब केस आवडतात म्हणून तिने ते वाढवलेत. ती सुरी उचलते आणि केस कापून स्वतःला सोडवते. आजवर मी यांच्या पाठी पाहत आले, आता यांनी माझी पाठ पाहावी, असं ती मनाशी म्हणते. पात्राच्या वाढीचा याहून नेमका क्षण त्या मालिकेत मोजकाच असेल. नायकाला मिळालेल्या कुठल्याही नव्या शक्तीपेक्षा तो मोठा आहे, कारण तिने जे कापलं ते तिचं आधीचं आयुष्य होतं. आणि कथा ते विसरते. साकुरा वैद्यकी शिकते, सासोरी या शत्रूशी लढते, दगड फोडते. पण सासुके समोर आला की ती पुन्हा त्या केस वाढवणाऱ्या मुलीच्या जागी उभी केली जाते. त्याला मारायला निघते आणि हात थिजतो. हात थिजण्यात गैर काहीच नव्हतं. विनरीचाही थिजला होता. विनरीचा हात का थिजला याचं पुढे कथेने काहीतरी केलं, साकुराच्या वाट्याला त्यानंतर वाट पाहणं आलं. त्याच मालिकेत गारा या एके काळच्या खुनी पोराला गावचा प्रमुख होईपर्यंत एकेक पायरी चढताना आपण पाहिलं, शिकामारूला गुरूच्या मरणाचं ओझं वाहताना पाहिलं, म्हणजे लिहिणाऱ्याला हे येत नव्हतं असं नाही. मूळ लेखक किशिमोतोंची मांगा सातशे प्रकरणांची आहे आणि तिच्यावरचा अ‍ॅनिमे दोन्ही मालिका मिळून सातशे वीस भाग चालला. साकुराला जागा कमी पडली, असं कुणी सांगू नये.